पुढची सीट

(जुळे सोलापूर, रविवारची सकाळ. फाटकासमोर दोन सीटांची, छत उघडणारी, बुटकी लाल गाडी उभी आहे. चालकाशेजारच्या सीटवर कमलम्मा, घरच्यांची अव्वा, बसलेली, पाय अजून आतच. उघड्या दाराशी तिचा मुलगा महेश्वर आणि सून शिवलीला.)

शिवलीला : ही गाडी घेण्यात तुमचा फायदा काय होता, तो मीच सांगते अव्वांना. तुम्ही आधी त्यांचा हात सोडा. खांद्यातनं निघेल.

महेश्वर : फायदाबियदा नंतर. अकराला तो विरेश गाडी बघायला येतोय आणि अव्वा गाडीतनं निघेना झालीय. तू पलीकडनं जरा ढकल की.

शिवलीला : पलीकडं तुमचा गिअर आहे. मी ढकलायला बसू कुठं?

कमलम्मा : ढकलू नका. ढकलायला मी काय बंद पडलेली जीप हाय? बसू द्या वाईच. गुडघं धरलेत. बसताना बरं वाटलं, विहिरीत उतरल्यावानी आपोआप खाली गेले. वर यायचं कुणी सांगितलंच न्हाय.

महेश्वर : तरी मी म्हणत होतो. सिद्धेश्वराला रिक्षानं जाऊ म्हणलं तर तूच म्हणालीस, इकायच्या आधी एकदा तरी बसून बघते.

कमलम्मा : बगितलं की. दर्शन झालं, तळं झालं, माघारी आलो. आता उटणं तेवढं ऱ्हायलंय. तू सांग गं, फायदा काय होता ते. बसल्या बसल्या ऐकते.

शिवलीला : सात सीटांची मोठी गाडी होती तेव्हा हे कोण होते? भुसार दुकानाचे मालक नव्हते, सगळ्या भावकीचे ड्रायव्हर होते. अक्कलकोटच्या आत्याला स्टेशनवरनं आणा. बिरप्पाकाकांना डोळे तपासायला न्या. शेजाऱ्यांच्या पाहुण्यांची गाडी चुकली, त्यांना कुर्डुवाडीला सोडा. नाही म्हणायची यांच्या तोंडाला सवय नाही. मग यांनी डोकं लढवलं. आपण नाही म्हणण्यापेक्षा गाडीनंच म्हणलेलं बरं. म्हणून पुण्यातनं ही जुनी आणली. ‘या की, नेतो की, पण सीट दोनच आहेत बघा!’ जन्माचं नाही एकदाच विकत घेतलं, अव्वा. हा फायदा.

महेश्वर : काहीतरीच. मला शाळेपासून हौस होती अशा गाडीची.

शिवलीला : हौस होती तर छत किती वेळा उघडलंत?

महेश्वर : सोलापूरच्या उन्हात छत उघडून काय डोक्यावर पापड भाजू? पण एक सांगतो, लोक असल्या गाड्या झाकून ठेवतात, सणासुदीला काढतात. मी रोज वापरतो. मार्केट यार्डात जातो, भाजीला जातो, बँकेत जातो.

कमलम्मा : वापरतोस, खरं हाय. त्या दिवशी ज्वारीचं पोतं हितं बसवून आणलास. पोत्याला पट्टा बी लावला हुतास.

महेश्वर : पट्टा लावला नाही तर गाडी ठणाणा करते. तिला वाटतं माणूस बसलंय.

शिवलीला : सात रस्त्यावरच्या पोलिसालाही वाटलं. म्हणाला, साहेब, पाहुण्यांनी पट्टा लावलाय, तुमचा कुठाय?

कमलम्मा : अय्यो शिवा!

शिवलीला : आणि गतिरोधक दिसला की हे गाडी तिरकी करतात. सावकाश, एक चाक, मग दुसरं चाक. भांडण झालेल्या शेजाऱ्याच्या दारावरनं माणूस अंग चोरून जातो ना, तसं. मागं रिक्षावाले बोंबलत असतात. पुढचे लाल गाडी बघून वाट सोडतात आणि ही त्यांच्याच मागनं जाते.

महेश्वर : खाली घासली तर खर्च किती आहे माहितीय?

शिवलीला : माहितीय. म्हणून तर गप्प बसते. पण फायदा झाला का, ते सांगा. आत्याच्या नीलाच्या बाळाच्या बारशाला एका फेरीत जाणारं घर तुम्ही अक्कलकोटला तीन फेऱ्यांत नेलंत. पहिल्या फेरीत बिरप्पाकाका, दुसऱ्या फेरीत पाळणा. तिसऱ्या फेरीत मी गेले तेव्हा नाव ठेवून झालं होतं.

महेश्वर : म्हणून तर विकतोय ना! सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला अव्वा रिक्षानं गेली, तेव्हापासून रोज ऐकतोय. दारात गाडी आणि आई रिक्षात. लोक विचारतात. बरोबर आहे, विचारणारच. आता त्याच पैशात सात सीटांची मिळतेय. विरेश आला, हो म्हणाला, की विषय संपला. अव्वा पुढं बसेल, पाय लांब करेल. सगळं आधीसारखं.

कमलम्मा : आणि ही?

महेश्वर : शिवलीला? ती बसेल की मागं. आधी बसत नव्हती का?

शिवलीला : माझं काय. मी कुठंही बसते.

कमलम्मा : हं. म्हेशा, आत जा आन माजं चोळायचं तेल आण. गुडघं ऊब मागतेत.

महेश्वर : कुठं ठेवलंय ते?

शिवलीला : देवघराच्या खालच्या कप्प्यात.

कमलम्मा : नसलं तितं तर माज्या ट्रंकेत बघ. आन फोन हितंच ठेव, तेलाचा हात लागंल. जा.

शिवलीला : अव्वा, ट्रंकेत तेल नाही.

कमलम्मा : मला म्हाईत हाय. तू बस.

शिवलीला : कुठं?

कमलम्मा : तितं. त्याच्या जाग्यावर. उबी राहून बोललीस की तुजं तोंड दिसत न्हाय, नुस्तं पदर दिसतोय. बस... हां. दार वड. आता सांग, इकायची का ठेवायची?

शिवलीला : सांगितलं की. मी कुठंही बसते.

कमलम्मा : कुटंबी बसणारं माणूस मागंच बसतं. मीबी बसले. आमच्या जीपमधी पुढं माजी सासू बसायची. तिचं बी गुडघंच.

शिवलीला : खरंच दुखायचे त्यांचे?

कमलम्मा : देवाला म्हाईत. ती गेली, मी पुढं आले, आन मग माजं दुकायला लागलं.

शिवलीला : तुमचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टर म्हणाले होते, आता आजी पळतील.

कमलम्मा : डॉक्टर काय आपल्या गाडीत बसतोय व्हय?

शिवलीला : परवा कुरडया वाळत घातल्या होत्या, तर तुम्ही गच्चीवर दोनदा जाऊन आलात. मी स्वयंपाकघरातनं बघितलं.

कमलम्मा : कावळं हुते. तू लई बघतीस गं.

शिवलीला : बघते. बोलत नाही.

कमलम्मा : हितं बोलतीस म्हणं. ह्या गाडीत.

शिवलीला : कोण म्हणालं?

कमलम्मा : सकाळी तळ्यापातूर तुजा नवराच बोलत हुता. मोठ्या गाडीत मागं आत्या बोलायची, काका खोकायचा, मी म्हेशाचं तोंड बघायचं म्हणलं तर सगळ्यांना वळून उत्तर देतानाच दिसायचं. आज दोगंच हुतो. मी इचारलं, बाबा, ह्या डबीत तुला येवडं काय गोड लागलं? तर म्हणतोय, शिवलीला पाट्या वाचती.

शिवलीला : काय?

कमलम्मा : दुकानाच्या पाट्या. मोठ्यानं वाचती म्हणाला, कानडीबी, मराठीबी. आन परतेकाला नावं ठेवती. आन मग हसती. म्हणाला, अव्वा, लग्नाला बावीस वर्सं झाली, ही पाट्या वाचती ते मला म्हाईतच न्हवतं.

शिवलीला : ...मागनं पाट्या दिसत नाहीत, अव्वा. मागनं तुमचा अंबाडा दिसतो.

कमलम्मा : बरा हाय का तरी अंबाडा?

शिवलीला : आधी चांगला होता. आता बारीक झालाय.

कमलम्मा : व्हय की. काल कुटली वाचलीस?

शिवलीला : काल? नवी पेठेत एक चष्म्याचं दुकान आहे. पाटीवरची अक्षरं इतकी बारीक की ज्याला वाचता येतात त्याला चष्मा लागतच नाही. मी यांना म्हणलं, ह्याचं गिऱ्हाईक ह्याच्या दुकानाशेजारीच ‘दुकान कुठाय’ म्हणून विचारत फिरत असणार.

कमलम्मा : हा हा! आन तो काय म्हणाला?

शिवलीला : हसून हसून गाडी बंद पडली त्यांची. सिग्नलला.

कमलम्मा : मग इकायची का ठेवायची?

शिवलीला : ...ठेवायची, अव्वा. पण मी म्हणायचं नाही. मी म्हणलं तर सुनेनं सासूला रिक्षात बसवलं असं होतं.

कमलम्मा : तू म्हणू नकोस. फोन वाजतोय बग. कोण हाय?

शिवलीला : विरेश लिहिलंय. गाडी बघायला येणारा. मी यांना हाक मारते.

कमलम्मा : त्याला कशाला? तो ट्रंकेत हाय. आण हिकडं... हां, बोला. म्हेश्वर न्हाय, त्याची आई बोलतीय. कमलम्मा. कुटवर आलास बाबा? आसरा चौकात? बरं बरं... व्हय, गाडी चांगली हाय. लई चांगली हाय. खोटं कशाला सांगू, मी गाडीतच बसलीय आत्ता... न्हाय, फिरायला न्हाय. उटता येईना म्हणून बसलीय... लई येळ झाला की. पोरगा तेल आणाय गेलाय... तू कुणाचा रे? ...होटगी रोडचा? गुरम्माचा विरेश? यप्पा! मठात भजनाला शेजारी बसतीय की गुरम्मा माज्या! तिचं गुडघं कसं हायत? ...दुकत्यात? दुकणारच. मग तुमच्या गाडीत पुढं कोण बसतंय? ...गुरम्मा बसती. बरं. आन ही घेतलीस तर गुरम्मा बसंल पुढं, सून कुटं बसंल? ...न्हाय, मी सहज इचारतीय. घरात सांगितलंयस का, दोन शिटाची हाय म्हणून? ...न्हाय व्हय. मग सांग की. न्हायतर असं कर, आज सांजच्याला भजन हायच, मीच सांगते गुरम्माला... अरं, त्यात काय उपकार... बरं. बरं. इच्यार कर सावकाश. गुरम्माला सांग, कमलम्मानं इचारलंय म्हणून. ठेवते.

शिवलीला : अव्वा!

कमलम्मा : काय अव्वा? एक शबुद खोटा बोलले का?

शिवलीला : ‘उठता येईना’ म्हणालात.

कमलम्मा : ते आजून खोटं ठरलं न्हाय. मी उटलेच न्हाय.

महेश्वर : अव्वा, तेल सापडेना. ट्रंकेत ही एक बाटली होती, ही का बघ.

कमलम्मा : ते दिव्याचं.

महेश्वर : शिवलीला, तू माझ्या जागेवर काय करतेस? आणि फोन वाजला का? विरेशचा असेल. अकरा वाजून गेले.

शिवलीला : वाजला. अव्वांनी घेतला.

महेश्वर : मग? कुठं पोहोचलाय?

कमलम्मा : आसरा चौकातनं माघारी गेला. इच्यार करतो म्हणाला. त्याच्या घरात म्हातारी हाय, पुढं बसणारी. अशा घरात ही गाडी चालत न्हाय, बाबा.

महेश्वर : आपल्याही घरात आहेच की!

कमलम्मा : आपल्या घरात पुढची सीट वाटून घ्यायची. सोमवार माजा. सिद्धेश्वराला जायचं, तळ्याला एक चक्कर मारायची, आन तू सकाळी बोललास तसं बोलायचं. दुसरं कुणी न्हाय गाडीत. बाकी दिवस हिचे. पाट्या वाचू दे तिला. कार्य-बिर्य निघालं की मोठी गाडी भाड्यानं आणायची. आन आत्याला यष्टी हाय.

महेश्वर : आत्याला यष्टीनं यायला सांगणार कोण?

कमलम्मा : मी सांगते. तुज्या तोंडाला सवय न्हाय. म्हणून तर तू येवडी लाल गाडी आणलास. मला इचारला असतास तर फुकट सांगितलं असतं मी.

महेश्वर : म्हणजे विकायची नाही?

कमलम्मा : कोण म्हणतंय इकायची? सर बाजूला. हात नको. दार धर नुस्तं.

महेश्वर : अगं सावकाश, अव्वा, गुडघे...

कमलम्मा : झालं. उबी हाय बग.

महेश्वर : अगं! मग मघाशी मी ओढत होतो तेव्हा...?

कमलम्मा : तवा तू ओढत हुतास. जा, त्या विरेशाला फोन करून सांग, इकायची न्हाय म्हणून. उगं आशेवर ठेवू नको पोराला. आन आतनं कर, हितं गाड्यांचा आवाज हाय.

शिवलीला : गेले, अव्वा.

कमलम्मा : हं.

शिवलीला : झटक्यात उठलात. मी असते तर दाराला धरावं लागलं असतं.

कमलम्मा : बगितलंस व्हय.

शिवलीला : त्यांनीही बघितलं. आता कुणाच्या लग्नाला मोठी गाडी आणली, की पुढं बसायला तुम्ही काय सांगणार?

कमलम्मा : तोच इच्यार करतीय.

शिवलीला : बघा, यांची गाडी राहिली, माझ्या पाट्या राहिल्या, विरेशचं घर राहिलं जाग्यावर. गेलं काय, तर तुमचं एवढं जपलेलं गुडघ्याचं दुखणं.

कमलम्मा : जाऊ दे. लई वर्सं पुरलं मला ते.