माठातलं पाणी

मिशनच्या बीएड कॉलेजात प्रवेशाची रांग होती. श्वेता फॉर्म भरत होती, पण कान मागच्या आजी-नातीकडे होते.

“आजी, कूलर पाहून काहून हासून राहिली?”

“इथं माठ होता, रोशनी. पहिल्या दिवशी नव्या पोरीनं पाणी भरून सगळ्यांले द्यायचं, अशी रीतच होती. मी इथं शिकाले आली त्या साली ते काम माह्याकडं आलं.”

“मंग?”

“मोठ्या मॅडमले सांगून टाकलं, गावात आमच्या हातचं पाणी कोणी पेत नाही.”

“त्या काय म्हणाल्या?”

“गिलास घेतला अन् गटागटा पेल्या. मंग म्हणे, आणखीन दे.”

रांग सरकली. श्वेता सरकायचं विसरली.

“अन् तू मास्तरीण झाली तवा?”

“तीस वर्षं, दर साली पहिल्या दिवशी, सगळ्यात मागं बसलेल्या पोराले म्हणत होती, ‘बाबू, मले पाणी आण.’”