नव्या रक्ताच्या माद्या

कोळंबीचे रोग तपासतात त्या खोलीबाहेर, माझ्या शेजारच्या बाकावर दोन म्हातारे मांडीवर बर्फाचे डबे घेऊन बसले होते.

“व्याहीबुवा, तुमचीही गेली?”

“सगळी. आधी कडेला आली, मग तळाशी बसली. एक हौद वाचला नाही.”

“रोग आला तरी चार तरी तगतात हो!”

“आतल्या तपासणाऱ्या मॅडम म्हणाल्या, तुमची नि माझी कोळंबी म्हणजे सख्खी भावंडं. एकीला लागलं की सगळ्यांना.”

“काहीतरीच! रक्त बदलावं म्हणून दर हंगामाला माद्यांची अदलाबदल करतो आपण.”

“करतो. पण तुमचं पहिलं बीज माझ्याच हौदातलं. पोरांची सोयरीक झाली तेव्हा मीच दिलं होतं.”

“म्हणजे घरातल्या घरातच फिरवत बसलो?”

“हं.”

“जाऊ द्या. नदीतल्या माद्या धरू. रानटी रक्त, दमदार.”

“नदीतलीही तपासली त्यांनी.”

“मग?”

“नदी ओस पडली म्हणून तिच्यात हौदातली पिल्लं कुणी सोडली होती? हार घालून, फोटो काढून?”

“आपणच की.”

“नदीतलीही कालपासून कडेला यायला लागलीय.”