हात किती खोल घालायचा

नाही, पोतं तिथंच राहू दे, ओढू नकोस — आणि तो कागद मांडीवरून उचल आधी. काजूच्या टरफलाचं तेल उडालं तर कागद जळेल, कातडंही जळेल, मग नांपुला शहरातल्या तुझ्या कचेरीत सांगशील म्हाताऱ्यानं जाळलं. काय म्हणालीस? माझं क्षेत्र कुठलं? लुर्देस, पोरी, माझ्या चार इयत्ताही धड झाल्या नाहीत, पुन्हा सांग. पहिलं म्हणजे जमिनीतून काढायचं, दुसरं म्हणजे कारखान्यात घडवायचं, तिसरं म्हणजे लोकांची कामं करून द्यायची — सेवा. आणि मुलूख पुढारला की माणसं पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जातात? मग लिही, आमचं कितंगा भलतंच पुढारलंय! कारखाना बंद पडला तेव्हापासून सगळं गाव सेवेत आहे. कोणी मोटारसायकलवर माणसं वाहतो, कोणी छत्रीखाली बसून फोनमध्ये पैसे भरून देतो, बायका एकमेकींच्या वेण्या घालतात. खायला कसाव्याच्या कंदाचं पीठ, तेही दिवसाआड — पण सेवा जोरात. हस, हस.

हे बघ, बी अशी धरायची, सुरी मधल्या रेघेवर, एकच दाब. गर पांढरा, टणक — चांगली. काळे ठिपके, ओला, नाहीतर आत नुसतं पोकळ — वाईट. पोत्यातून तीस बिया काढायच्या, चिरायच्या, त्यावर सगळ्या मालाचं ठरतं. तुझे साहेबही त्यावरच ठरवणार ना, नवा कारखाना इथं की दुसऱ्या जिल्ह्यात? म्हणून तर त्या बायका सकाळपासून माझ्या फाटकाबाहेर बसल्यात. माझी मुलगी झुलेखा सगळ्यांत पुढं, कामाच्या यादीत पहिलं नाव तिचं. जुन्या कारखान्याचा माल बावीस वर्षं माझ्या सुरीखालून गेला. हा साईद अमीसे वाईट म्हणाला की वाईट, मॅनेजरसुद्धा वाद घालायचा नाही.

बंद का पडला? कोणालाही विचार, एकच सांगेल — राजधानीतून कागद आला, कच्चा काजू बोटीनं बाहेर जाऊ द्या, शेतकऱ्याला भाव मिळेल. पिकवायचं आम्ही, फोडायचं समुद्रापारच्यांनी, आणि आम्ही किनाऱ्यावर उभं राहून बोटीकडं बघायचं. कागदाचाच दोष, मी म्हणतोच की, मशिदीच्या पायरीवर शंभरदा म्हटलंय. पण कागद काय पोती उचलतो? पोती आदामोनं उचलली. बोटीवर माल चढवणारा व्यापारी होता, मेला आता. कारखान्यानं नाकारलेलं पोतं शेतकरी त्याच्याच दारात टाकायचा, पडेल त्या भावात. आणि नाकारायचं कोणी — तर मी. खोटं बोललो नाही हं! कधीच नाही. कापलं तेच सांगितलं. हात तेवढा खोल घातला. पोती ओल्या जमिनीवर उभी असतात, बुडाला ओल चढते, वर कितीही सोन्यासारखा माल असो, तळाला काळ्या बिया सापडतातच. कोपरापर्यंत हात गेला की झालं काम. दोन हंगाम. बी वाफवायची भट्टी अर्ध्या मालावर धुमसत राहिली, मग विझली. आठशे बायका घरी. — वर काय बघतेस? पत्रे? हो, सगळ्या गल्लीला माडाची झापं आणि मला पत्रे. आदामोनंच दिले. लोकांना वाटतं कारखान्यानं दिले, इमानदारीचे — अगं ए, ते कशाला लिहितेस! खोड ते!

माझी बायको मुआजुमा फोडणाऱ्या बायकांत होती. कारखाना गेला, मग याच अंगणात पत्र्याच्या डब्यात बिया भाजायची, बाजारात विकायला. एके दिवशी तेल पेटलं. इथल्या बायका चेहऱ्याला पांढरा लेप लावतात ना, तिला फार हौस त्याची — शेवटी लेप लावायला चेहराच उरला नव्हता. तीन आठवडे काढले तिनं. शेवटपर्यंत कागदाला शिव्या देत होती. मीही देत होतो, तिच्या उशाशी बसून. तिला कळलं नाही. झुलेखालाही माहीत नाही. तुला का सांगत बसलो कोण जाणे... सुरी हातात आली की तोंड चालतं माझं.

झाल्या तीस. मोज. पांढऱ्या अकरा, वाईट एकोणीस. — काय बघतेस अशी? विश्वास नाही? नसणारच, आत्ताच तर सगळं ओकलो तुझ्यापुढं. पण ऐक पोरी, आज मी मनगटसुद्धा बुडवलं नाही. वरच्या वर घेतल्या बिया, तू कागदात डोकं घातलं होतंस तेव्हा. टपोऱ्या, चकचकीत, निवडून निवडून. म्हटलं एकदा दुसऱ्या बाजूनं खोटं करून बघावं, लेकीसाठी. तरी एकोणीस. झाडं माझ्यापेक्षा म्हातारी, मोहरावर बुरशी, पंचवीस-तीस वर्षांत एक रोप कोणी लावलं नाही. लावणार कोणासाठी?

काय? माल चांगला असं लिहू म्हणतेस? दया आली होय? लिही की. कारखाना येईल, दोन हंगाम धुराडं चालेल, मग माल पुरणार नाही, टाळं लागेल, आणि झुलेखा इथंच, या चुलीवर डबा चढवेल. तेवढं बघायला मी जगलो तर?... एकोणीस लिही. लिहिलंस? दाखव. वाचायचं विसरलो मी, आकडा कळतो.

बाहेर तू सांग. मी येणार नाही. ठेवणीतली कापडं गुंडाळून बसल्यात सगळ्या, लग्नाला आल्यासारख्या. झुलेखानं विचारलं तर म्हण, बाबा नमाजाला बसलेत. आत्ता नमाजाची वेळ नाही हे तिला कळतं. तरी तेच म्हण. ऊठ आता. फाटक बाहेरून ओढून घे.