न काढलेली दाढ

दातांच्या दवाखान्यात शिंपीकाका सुजलेला गाल धरून नंबरची वाट बघत होते. आतून एक बाई बाहेर आली आणि बाकावर नवऱ्याशेजारी टेकली.

"झालं एवढ्यात?"

"काढलीच नाही. एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाल्या, अक्कलदाढ सरळ आलीय, कीडही नाही, कशाला काढायची? हिरडीत कण अडकला होता, तेवढं साफ करून दिलं."

"मग तोंड का पाडलंयस?"

"अरे, मी रजा टाकलीय. आई मुलांसाठी एवढ्या लांबून आल्यात. आता त्यांना काय सांगू?"

"खरं तेच सांग. घे, फोन लावलाय, स्पीकरवर आहे."

"आई, दाढ काढावी लागली नाही. आम्ही घरी येतोय."

"खबरदार आलात तर. मी अख्ख्या बिल्डिंगला सांगून बसलेय, सुनेचं मोठं ऑपरेशन आहे म्हणून. खालच्या बाई मघाशीच सूप देऊन गेल्या. मुलांनी संपवलंसुद्धा."

"मग आम्ही जायचं कुठे?"

"लग्नानंतर दोघंच कुठे गेला होतात? तिकडेच जा."

"आई, मुलं राहतील?"

"त्यांनी तुझं नावही काढलेलं नाही. परवा या. आणि जिना चढताना गालात कापूस धर, म्हणजे माझी लाज राहील."

तेवढ्यात शिंपीकाकांचा नंबर आला. ते उठले, पिशवीतून कापसाचा नवा पुडा काढला आणि बाईच्या हातात ठेवला.

"डाव्या गालात धरा. मघापासून तोच चोळताय."