यू-चेंगचा कोड

ह्वालिएन स्टेशनवर गाडीची वाट पाहत बसलेल्या सू-ज्यूच्या शेजारी काळ्या कपड्यांतले दोघं येऊन टेकले. अंत्यविधीहूनच आले होते.

"दादा, सोमवारी बैठक आहे. यू-चेंगचा सगळा कोड जावामध्ये नव्याने लिहू या."

"आज तरी नको गं, श्यिन-यी. राख अजून निवली नाही त्याची."

"भूकंपमापकांचे आकडे आजही येतायत की. तो ओघ थांबत नाही. मध्येच काही अडलं, इशारा गेला नाही, तर? त्याने स्काला भाषेत लिहिलेलं वाचणार कोण?"

"मी शिकेन. किती राबला होता तो त्यावर!"

"आणि तुम्ही आजारी पडलात तर? जावा आपल्याकडे सगळ्यांना येते."

"त्याला काय वाटलं असतं?"

"त्यानेच सांगितलं मला, हॉस्पिटलात. म्हणाला, 'स्काला हा माझा हट्ट होता. आता सगळ्यांना वाचता येईल अशा भाषेत लिहा. जमीन हलेल तेव्हा मला शोधत बसू नका.'"

"कधी म्हणाला?"

"नववर्षाच्या सुटीत."

"आणि तू आज सांगतेस?"

"तेव्हा सांगितलं असतं, तर तो जाणार हे कबूल करावं लागलं असतं, दादा."

गाडीची घोषणा झाली. दोघंही उठले नाहीत.

"सोमवारी तू बोलू नकोस. जावाचं मी मांडतो."