सही साहेबांची, शेरा माझा

समारंभाचे अध्यक्ष आदरणीय नरसिंहराव, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती गुणवंतराव रेगेसाहेब, सौ. अलकनंदावहिनी, आणि ऑफिस आटोपून थेट नोएडापर्यंत आलेल्या मराठी बंधुभगिनींनो,

साहेब निवृत्त होईपर्यंत नेमकं काय काम करत, हे या सोसायटीतल्या त्यांच्या शेजाऱ्यांनाही ठाऊक नाही. अध्यक्षमहाराजांच्या परवानगीने थोडं सांगते.

घातपात होणार असल्याच्या बातम्या आमच्या गुप्तवार्ता खात्यात रोज येतात. प्रत्येकीवर दोन शेरे द्यायचे: बातमीदार किती भरवशाचा, आणि बातमी कितपत खरी वाटते. सगळ्याच खऱ्या मानल्या तर दिल्लीतला एकही बाजार उघडायचा नाही. पण खोटी मानलेली एखादी खरी निघाली तर?

सात वर्षांपूर्वी मी खात्यात नवी होते. एका बाजारात सायकलला लावलेल्या पिशवीत स्फोटकं ठेवणार, अशी बातमी आली. बातमीदार नवखा. मी लिहिलं, ‘शक्यता कमी’. साहेबांनी विचारलं, दुसरीकडून खात्री केलीस का? मी हो म्हटलं. केली नव्हती. माझी गुडगावची बस सुटत होती. माझ्या शब्दावर त्यांनी सही केली.

तिसऱ्या दिवशी स्फोट झाला. नऊ माणसं गेली. त्यांत लग्नाची खरेदी करायला पानिपतहून आलेल्या दोघी मायलेकी होत्या.

चौकशीच्या दिवशी मी सगळं कबूल करायला निघाले होते. साहेबांनी मला बाहेरच बसवलं आणि आत जाऊन निर्णय आपलाच होता असं सांगितलं. त्यांची बढती कायमची थांबली. मी त्यांच्यापुढे रडले, तेव्हा ते म्हणाले, “सुमित्रा, तू दुसरीकडे विचारलं नव्हतंस, हे मला कळलंय. पण सही माझी आहे. यापुढे विचारत जा.”

वहिनी, साहेब मागे का राहिले, असं तुम्ही मला एकदा विचारलं होतंत. मी म्हटलं, ऑफिसातलं राजकारण, दुसरं काय. तेही खोटंच होतं.

साहेब, मला हाताने थांबवू नका. आज यावर तुमची सही लागणार नाही.

अध्यक्षमहाराजांनी वेळ दिला, आपण शांतपणे ऐकून घेतलंत, मी आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर ते पोटात घाला. बाकीचं कुणी पोटात घालावं असं नाही. त्या मुलीचे वडील अजून पानिपतला असतात. रविवारी मी त्यांच्याकडे जाणार आहे.