आधी वापरून पाहा

—नाही, मधे प्रश्न नको, क्रमाने सांगतो. वेळ सकाळी पावणेसात. स्थळ ही खोली, हे टेबल, आणि ही खुर्ची, जिच्यावर तुम्ही बसलाय. मी दात घासून आलो, रोजच्यासारखा स्पेसबार दाबला आणि पडदा काळाच राहिला. घरात माणसं दोन. दार आतून बंद. घटना एवढीच. बाकीचा सगळा तपास, आणि तपासासाठीच तुम्हाला बोलावलंय — तुमच्या दुकानावर ‘गेलेला डेटा परत मिळेल’ अशी पाटी आहे, ती वाचून फोन केला. लिहिलेल्या गोष्टीची जबाबदारी असते हो. मी आयुष्यभर वार्ताहर होतो. — फोनवर सांगितलं होतं? दोनदा? बरं.

पार्श्वभूमी अशी की हे मशीन जुनं आहे, पण ठणठणीत आहे. एके दिवशी आधीच्या सिस्टीमने पडद्यावर नोटीस लावली — तुमच्या संगणकाचा काळ संपला, नवा घ्या. मला सांगा, चालत्याबोलत्या माणसाला रस्त्यात अडवायचं, तू लंगडा आहेस म्हणायचं आणि वर काठी विकायची, याला काय म्हणतात? मी म्हटलं, घेत नाही जा. तेव्हा आमचे जावई म्हणाले, बाबा, लिनक्स नावाची दुसरी सिस्टीम टाका, फुकट असते. फुकट कोण देतं? फुकट देणाऱ्यांच्या बातम्या करण्यात माझे केस गेले. म्हणून आधी चौकशी केली. मालक कोण? कोणी नाही. मग बनवतं कोण? जगभरातली माणसं, आपापल्या घरी बसून. बिघडलं तर जाब कोणाला विचारायचा? कोणालाच नाही. म्हटलं, हे तर आपल्या नगरपालिकेसारखंच झालं — फरक इतकाच की इथे आतलं सगळं दप्तर उघडं, कोणीही यावं आणि वाचावं. तेवढ्या एका मुद्द्यावर मी हो म्हटलं. वाचलं नाही. पण वाचता येतं, हे महत्त्वाचं.

जावयांनी पेनड्राइव्ह तयार करून पाठवला. लावला. पडद्यावर दोन बटणं आली — एकावर ‘वापरून पाहा’, दुसऱ्यावर ‘इन्स्टॉल करा’. आता तुम्हीच सांगा, ज्याने उभ्या आयुष्यात कुठल्याच कागदावर पहिल्या फटक्यात सही केली नाही, तो कुठलं बटण दाबेल? वापरून पाहिलं. आणि चाललं की! मराठी कीबोर्ड आला, प्रिंटर सापडला, अक्षर मोठं झालं. मग आणखी इन्स्टॉल काय करायचं? धावत्या गाडीला कोणी धक्का मारतं का? — हसू नका. वापरून पाहतच होतो मी, तीन आठवडे. अजून मत बनायचं होतं. बंद? बंद कशाला करायचं? हा खाली बॅटरीचा डबा आहे, वीज गेली तरी मशीन चालू राहतं, आणि सेव्ह तर दर परिच्छेदाला करत होतो, बोटांना सवयच आहे —

म्हणजे ते सगळं पेनड्राइव्हवरून चाललं होतं? आणि सेव्ह केलेलं मशीनच्या तात्पुरत्या मेमरीत? आणि वीज तुटली की ते — पुसलं जातं. हार्डडिस्कवर एक अक्षर नाही. बरं. म्हणजे मी मांडवात संसार थाटला होता, आणि मांडववाला मांडव सोडून घेऊन गेला. मग त्यांनी सांगायला नको? — तिथेच लिहिलं होतं? बटणाखाली? बारीक अक्षरात. हं. आम्हीही चूक झाल्याचा खुलासा आतल्या पानावर, तळाशी, बारीक टाइपात छापायचो. पण ते आम्ही होतो.

काय गेलं, ते सांगतो. तसं सांगण्याची गरज नाही, पण कामाचं मोल कळल्याशिवाय माणूस मन लावून शोधत नाही.

आमची ही टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. ऑपरेटर. तुम्ही पाहिलं नसेल — समोर भोकांची भिंत, हातात दोऱ्या, कानाला यंत्र, हे गाव त्या गावाला जोडायचं. जोडल्यावर लाइन नीट आहे का म्हणून क्षणभर ऐकावं लागे, आणि त्या क्षणभरात माणसं काय काय बोलून जात. एक्स्चेंजचा एक नियम होता. लाइनवर ऐकलेलं लाइनवरच राहतं. बोलणं संपलं की प्लग काढायचा आणि डोकं रिकामं करायचं. आता बघा, नवरा वार्ताहर, बायको ऑपरेटर. सगळं गाव माझ्या बायकोच्या कानावरून जायचं आणि मी बातमीसाठी पायपीट करत हिंडायचो. जेवताना विचारायचो, आज काय विशेष? ती म्हणायची, भाजीत मीठ कमी आहे. निवृत्त झाली तरी तेच. आणि या वर्षी, कोणी विचारलेलं नसताना, एका दुपारी समोर येऊन बसली आणि म्हणाली, अहो, मी सांगते, तुम्ही लिहा.

ठरलं असं — ती बोलणार, मी टाइप करणार, दुसऱ्या दिवशी सकाळी ती पडद्यावर वाचणार आणि नको ते खोडायला सांगणार. शेवटी सगळं छापून त्याखाली तिची सही. छान चाललं होतं. कानामागे यंत्राचा घट्टा पडायचा, तो अजून आहे, हात लावून पाहा म्हणाली — मी पाहिला. इतक्या वर्षांच्या संसारात मला माहीत नव्हता. मरणाची बातमी आणि बारशाची बातमी एकाच वेळी लाइनवर यायची, तेव्हा आधी कोणाला जोडायचं? मरणाला, म्हणाली. बारसं थांबतं.

मग सांगता सांगता पुलापर्यंत आली.

पूल तुम्हाला माहीत नसणार, तुमचा जन्म नसेल. नदीवरचा जुना पूल. पुरात पडला, तो सकाळच्या पाळीला निघालेली गिरणीची बस घेऊनच. चौकशी समिती बसली, समितीने नदीला दोषी ठरवलं. खरंच सांगतो, निष्कर्ष आहे तसा — ‘पाण्याचा अनपेक्षित जोर’. मी त्या शब्दामागे लागलो. अनपेक्षित कोणाला? पूल धोक्यात आहे हे आदल्या रात्री कोणाला तरी कळलं असणार, असं मी लिहीत राहिलो. संपादक म्हणाले, पुरावा आणा. पुरावा नव्हता. मला शहराच्या बातम्यांवरून उचलून क्रीडा पानावर बसवलं. मी, ज्याला ऑफसाइड कळत नाही. — राग? छे. राग कसला.

तर काल संध्याकाळी मी फिरून आलो तेव्हा ही खिडकीकडे तोंड करून बसली होती. म्हणाली, हे टाइप करू नका. फक्त ऐका. आणि सांगितलं. पुराच्या रात्री ड्यूटीवर तीच होती. जोडून तिनेच दिलं. पुलावरच्या माणसाने वरच्या साहेबाला सांगितलं की मधला खांब —

ते जाऊ द्या.

मुद्दा असा की ती बोलत होती आणि मी टाइप करत होतो. — हो, नको म्हणाली होती. ऐकलं मी ते. पण आमच्या धंद्यात ‘छापू नका’ म्हणणाऱ्याला ते छापून यावं असं पुष्कळदा आतून वाटत असतं. आणि दुसरी गोष्ट, या कीबोर्डचा आवाज ऐकलाय तुम्ही? पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आहे. आणि तिचा कान कसला! दोन खोल्यांपलीकडे दूध वर आलेलं ऐकू येतं तिला. तिला कळलं होतं मी टाइप करतोय. तरी थांबली नाही, शेवटपर्यंत सांगितलं, पदांसकट, शब्दांसकट. मी याला संमती म्हणतो. तुम्ही काय म्हणाल?

काहीच म्हणू नका, काम करा.

मी तिला इतकंच विचारलं, तेव्हा का नाही सांगितलंस? घरातच होतो की मी, समोर ताट घेऊन बसत होतो. ती म्हणाली,

“तुम्ही विचारलंत ते बायकोला, की ऑपरेटरला?”

मी सेव्ह केलं आणि झोपलो.

आता तपास. मी आधी वीज कंपनीला फोन करून खडसावलं. ते म्हणाले, रात्रभर वीज गेलीच नाही. बॅटरीचा डबा पाहिला, हिरवा दिवा चालू. मग खाली वाकलो, तर मशीनचा प्लग डब्यातून निघालेला. उंदराने ओढलेला नाही, पाय लागून निसटलेला नाही. वायर गुंडाळून, इंग्रजी आठाचा आकार करून, मधे तिच्याच टोकाची गाठ मारून डब्यावर ठेवलेली. ही बघा, अजून तशीच आहे, मी पुराव्याला हात लावत नाही. आमच्या घरात इस्त्रीची वायर अशी असते, मिक्सरची अशी असते, वाळत घालायची दोरीही अशीच. एक्स्चेंजमध्ये शिकवायचे म्हणे, पीळ पडत नाही. मला तो आठ आजतागायत जमलेला नाही.

तरी मी म्हटलं, तिला काय ठाऊक, प्लग काढला तर काय होतं? मलाच ठाऊक नव्हतं. टापटीप म्हणून काढला असेल. संशयाचा फायदा द्यावा माणसाने. म्हणून जावयांना फोन लावला, त्यांनाच झाडायला — की असला कसला पेनड्राइव्ह दिलात? तर जावई म्हणाले, बाबा, मी काल संध्याकाळी फोन केला होता, तुम्ही फिरायला गेला होतात. आईंकडे निरोप दिला. बाबांना सांगा, अजून इन्स्टॉल केलेलं नाही, तोवर मशीनचा प्लग काढू नका, नाहीतर लिहिलेलं सगळं जाईल. म्हणाले, आईंनी तो निरोप मला शब्दन्‌शब्द परत म्हणून दाखवला.

परत म्हणून दाखवला. ही ऑपरेटरांची पद्धतच. निरोप घ्यायचा, उलट वाचायचा, पोचवायचा. अख्ख्या नोकरीत हिचा एक निरोप चुकलेला नाही, त्याचं प्रशस्तिपत्र आहे त्या भिंतीवर, घड्याळाखाली. हा निरोप मला मिळाला नाही.

विचारलं ना. सकाळीच विचारलं. म्हटलं, पुलाचं पुन्हा सांगतेस का? म्हणाली, कुठला पूल? आणि भाजी निवडायला बसली. विसरभोळी नाही हो, परवाच्या वाण्याच्या हिशेबातली चूक काढली तिने. मी लिहू शकतो, मला पाठ आहे सगळं. पण ज्या माणसाने ऐकलं तो माणूसच नाही म्हणतोय, मग माझ्या लिहिण्याची किंमत काय? म्हाताऱ्याची रचलेली गोष्ट. फोनवर बोललेल्या दोघांतला एक अजून हयात आहे. रोज संध्याकाळी फिरायला येतो. मला नमस्कार करतो, आणि मी —

हळू. पावलं वाजली.

ये गं. हे म्हणताहेत गेलं ते गेलं, परत येत नाही. हो, पाटीवर लिहिलंय तरी. — चहा घ्या तुम्ही. साखर बरोबर आहे ना? — काय म्हणालीस?

“यांना आता नीट इन्स्टॉल करून द्या. म्हणजे पुढचं राहील.”

ऐकलंत? पुढचं. बरं, करा. दाबा ते दुसरं बटण. सगळं पुसलं जाईल म्हणतंय का? पुसायला शिल्लक काय आहे, दाबा. — नाव विचारतंय? मशीन कोणाच्या नावावर करायचं? हिच्या. हिच्याच घाला. आणि पासवर्ड तीच टाकेल, मी खिडकीकडे बघतो. — झाला टाकून? गेली आत?

तर मग उरलेलं ते आपोआप करेल ना? निघा तुम्ही. पाटीवरचा तो मजकूर तेवढा बदला. आणि इथे जे ऐकलंत ते इथेच राहू द्या, मी काही छापा म्हणून सांगितलेलं नाही. — काय बघताय असे? त्या रात्री फोन झाला होता. पूल बंद ठेवा, असं एकाने सांगितलं. ठेवतो, असं दुसऱ्याने म्हटलं. सकाळी पूल उघडा होता.